पडण्याची पाळी

तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधी कबूल करतो. पुढे जो राग आला त्याला त्यामुळे जरा कमीपणा येतो, पण जे झालं ते झालं.

आमचा ज्युदोचा हॉल पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात कायम क्लोरीनचा वास. हॉलच्या काचेच्या दारावर सरांनी माणसाच्या उंचीचं पोस्टर चिकटवलं होतं. वर ‘वय विसरा!’, खाली ‘बहात्तराव्या वर्षी नारिंगी पट्टा!’ आणि मधे पट्ट्याच्या परीक्षेतला मी. माझ्या एका मुठीत वर्गातल्या प्लंबरची कॉलर, दुसऱ्या मुठीत त्याची बाही, आणि प्लंबर जमिनीपासून दीड हात वर, आडवा. त्याचं वजन नव्वद किलो, माझं अठ्ठावन्न. दोन उद्गारचिन्हं मला खटकली, पण फोटो मात्र मी चोरून तीनदा पाहिला.

मी या भानगडीत कसा पडलो ते थोडक्यात सांगतो. चार वर्षांपूर्वी फुटपाथवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, “आता पडू नका.” हा सल्ला पाळणं माझ्या हातात आहे असं मला वाटलं नाही. मग वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं की पडणं शिकता येतं, आणि ज्युदोत तर सुरुवातीला नुसतं पडायलाच शिकवतात. मी त्या विषयावरची आणखी दोन पुस्तकं वाचली, चित्रं बघून पलंगाशेजारी सराव केला आणि टेबलावरचा दिवा फोडला.

“अहो, घरातल्या वस्तू संपायच्या आत कुठेतरी नाव घाला,” बायको म्हणाली.

तरी दोन महिने मी त्या जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवरून परत यायचो. शेवटी एकदा मागून प्लंबर आला, जिना अरुंद असल्यामुळे मला वर जावंच लागलं, आणि मी वर्गात दाखल झालो.

सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. सगळे हौशी, कामधंदा आटपून येणारे. सर दिवसभर लिफ्टची दुरुस्ती करतात. प्लंबर चाळिशीचा, मान आणि डोकं एकाच मापाचं. सिस्टर इस्पितळात नर्स आहे, जीभ तिखट, मनगट त्याहून. आणखी सहा-सात जण, त्यात एक बँकेतला. सगळे मला काका म्हणतात. पडायला मी खरोखर शिकलो. हनुवटी छातीशी, हात चटईवर मोकळा आपटायचा, श्वास सोडायचा. त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही, आणि शंका नसलेल्या गोष्टी माझ्याजवळ फार थोड्या आहेत.

पण मी तिथे टिकलो तो पडण्यासाठी नव्हे. दर वर्गाला शेवटी मोकळा सराव असतो, दोघांनी एकमेकांना पाडायचं. आणि दर वर्गाला एकदा तरी मी कोणाला तरी पाडायचो. एकदाच, पण पाडायचो! अडतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथे माझ्या सांगण्याने टेबलावरची टाचणीसुद्धा कधी हलली नाही. मालक म्हणायचे, “तुमचं बरोबर असेल हो, पण आता फर्मा छापून झाला.” आणि इथे माझ्या हातून नव्वद किलोचा माणूस धप्पकन चटईवर. घरी परतताना मी तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकायचो. आता हे लिहितानाही कान गरम होतात.

पोस्टर लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सोमवारी सरांना उशीर झाला. दाराला कुलूप. मी एकटाच बाहेर उभा. समोर वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी फोटो वाचायला लागलो. वाचायला म्हणजे मुद्रित वाचतात तसा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, एकेक ओळ, मजकुराच्या मोहात न पडता. असा वाचत मी पायांपर्यंत आलो.

माझे दोन्ही पाय जमिनीवर होते.

फोटोतला डाव आहे बाहेरची टांग. समोरच्याला त्याच्या एका टाचेवर तोलायचं, आपला उजवा पाय त्याच्या पायामागे घालायचा आणि मागे झाडायचा. त्याचा आधार निघून जातो आणि तो पाठीवर पडतो. म्हणजे तो हवेत असेल तेव्हा माझा पाय त्याच्या गुडघ्यामागे असायला हवा. फोटोत माझा उजवा पाय माझ्याच जागी होता. टाचसुद्धा उचललेली नव्हती. आणि प्लंबर आडवा, दीड हात वर.

त्या दाराने दोन आठवडे ये-जा करणाऱ्या कोणालाही हे दिसलं नाही. की दिसलं होतं?

त्या दिवशी मी वर्गाला न थांबता घरी आलो. परीक्षेचं चित्रीकरण बायकोने फोनवर केलं होतं. ते मी अभिमानाने चारदा पाहिलेलं होतं. आता फोन टेबलावर उभा करून, थांबवत थांबवत पाहिलं.

“आता काय, तोंडपाठ करायचंय का?” बायकोने विचारलं.

“अगं, तो उडी मारतोय.”

“कोण?”

“प्लंबर. हे बघ. माझा पाय पोचायच्या आधी तो निघालाय. इथे बघ. आणि इथे तर तो वाट बघतोय! माझ्या पायाकडे बघतोय, आला का म्हणून, आणि मग कंटाळून उडी मारतोय!”

पाच डाव होते. पाचही वेळा तो माझ्याआधी निघाला होता. परीक्षेत जोडीदाराने विरोध करायचा नसतो, हे मला माहीत आहे, नियमच आहे तसा. पण विरोध न करणं वेगळं आणि स्वतःहून विमान होणं वेगळं. पहिल्यात डाव माझा असतो, दुसऱ्यात मी नुसता खांब.

बायकोने चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि तिला हसू आवरेना. “बाई गं, काय सुंदर उडी मारतो! अहो, बरंच झालं की. तुमची कंबर वाचली.”

ती थोडा वेळ हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली.

“एवढं लागलं?”

“मी तीन वर्षांत कोणालाच पाडलं नसेल,” मी म्हणालो. “एकदाही नाही.”

“असं कसं होईल?”

“मला ते कळलं पाहिजे.”

ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा राग सगळा दुसऱ्यांवरच होता असं वाटेल. छापखान्यात मला काम शिकवणारे एक गुरुजी होते. उतारवयात त्यांची नजर गेली. त्यांच्या पानांत चुका राहू लागल्या. मी दोन वर्षं त्यांनी तपासलेली पानं त्यांच्या नकळत पुन्हा तपासत होतो आणि वर त्यांना म्हणत होतो, “गुरुजी, तुमच्या पानाला हात लावायची सोय नाही.” एके दिवशी त्यांच्या हाती एक पान पडलं, त्यांच्या खुणा आणि माझ्या खुणा, दोन शाईंच्या. आपली खुर्ची स्वतः उचलून त्यांनी बाइंडिंगच्या खोलीत नेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. मला ते कृतघ्न वाटले होते. इतकी वर्षं वाटत होते.

गुरुवारी मी वेळेआधी गेलो. मनात चार पानांचं भाषण तयार होतं. त्यातलं एक वाक्यही तोंडातून बाहेर आलं नाही. सर चटयांच्या सांध्यांना चिकटपट्टी लावत होते. सिस्टर आणि प्लंबर त्यांच्या मदतीला. मी फोन पुढे केला आणि म्हणालो, “हे बघा.”

सरांनी पाहिलं. प्लंबरने पाहिलं आणि लगेच चिकटपट्टीच्या गुंडाळीचं टोक शोधायला लागला.

“छान आलंय की चित्रीकरण,” सर म्हणाले.

“सर, त्याने उडी मारलीय.”

“काका, परीक्षेत थोडं सांभाळून घेतातच सगळे.”

“आणि वर्गात? मोकळ्या सरावात?”

खाली तलावावर शिट्टी वाजली.

“सांगा ना,” मी म्हणालो. “दर वेळी एकदा मी पाडतो ते?”

“काका, बसा आधी,” सिस्टर म्हणाली. “सर, आता लपवून काय करायचं? काका, आम्ही पाळी लावली होती. सोमवारी प्लंबर, गुरुवारी मी. आमच्यापैकी कोणी आलं नाही तर तो बँकवाला.”

“पाळी?”

“दोघं एकाच दिवशी पडलो तर तुम्हाला संशय येईल म्हणून.”

मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले आहेत. बहुतेक वेळा मला वाटतं, समोरच्याचं थोडं बरोबरच असेल. पण पाळी! रजेवर असलेल्या माणसाच्या जागी बदली! कुंडीला पाणी घालायला ठेवतात तशी माझ्यापुढे पडायला माणसं नेमली होती, आणि मी ती चांगली माणसं म्हणून त्यांच्यावर माया करत होतो. मुख्य म्हणजे ती चांगली माणसं होतीच. त्यामुळे तर ओरडायलाही जागा नव्हती.

“कोणी ठरवलं हे?”

“मी,” सर म्हणाले. “पहिल्या वर्षी तुम्ही सोडून जाणार असं दिसत होतं. सतत पडून पडून माणसाचं मन खचतं. म्हटलं, वर्गाला एकदा बरं वाटू दे. वाईट हेतू नव्हता हो. आणि बघा ना, तुमचा फोटो बघून साठीच्या पुढचे चार जण चौकशीला आले.”

“त्यांच्यासाठीही पाळी लावणार?”

मी पिशवीतून नारिंगी पट्टा काढला. जे ठामपणे करायचं होतं ते अगदीच हास्यास्पद झालं. पट्टा उलगडून जमिनीवर लोळला.

“हा परत घ्या.”

“दिलेला पट्टा परत घ्यायची पद्धत नाही, काका.”

“मग पुन्हा परीक्षा घ्या. आज. इथे. पाच मिनिटं मोकळा सराव, प्लंबर माझ्यासमोर जसा दुसऱ्या कोणाहीसमोर उभा राहतो तसा उभा राहील. एकदा पाडलं तर पट्टा माझा. नाही तर नाही.”

“काका, मी नाही,” प्लंबर पहिल्यांदाच बोलला. “तुम्हाला जोरात टाकलं आणि खुबा मोडला तर? मी तोंड कुठे लपवू?”

“खुबा माझा आहे. तू तुझं तोंड सांभाळ.”

सिस्टर फिसकन हसली. सर म्हणाले, “आणि जबाबदारी? काही झालं तर मला विचारतील.”

त्याची तयारी मी केली होती. खिशातून कागद काढला. ‘आजच्या सरावात माझ्या शरीराला जे होईल त्याला मी स्वतः जबाबदार आहे’ असं लिहून खाली माझी सही आणि साक्षीदार म्हणून बायकोची. तिने सही करताना एवढंच म्हटलं होतं, “तारीख घाला. आणि येताना चालत या.”

सरांनी कागद दोनदा वाचला. मग प्लंबरकडे पाहिलं. “खरं उभा राहशील?”

“नाही राहिलो तर?”

“तर मी इथून जाईन आणि पुन्हा जिना चढणार नाही,” मी म्हणालो. धमकी म्हणून ती फारच बारीक होती. एक म्हातारा येणार नाही, एवढंच. पण माझ्याजवळ दुसरी नव्हती.

प्लंबरने होकारार्थी मान हलवली.

सगळा वर्ग भिंतीला पाठ लावून बसला. मी कमरेला जुना पांढरा पट्टा बांधला. सिस्टरच्या हातात घड्याळ. आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि सर म्हणाले, “सुरू.”

मी त्याची कॉलर धरली आणि तेवढ्याने मला सगळं कळलं. तीन वर्षं मी ज्याला धरत होतो तो हा माणूस नव्हता. तो नरम, हलका, दार उघडं ठेवल्यासारखा असायचा. हा भिंतीतल्या नळासारखा होता. मी ओढलं, काहीच हललं नाही. मी पाय घातला आणि पुढच्या क्षणी छत पाहत होतो. चटईवर माझा हात बरोबर आपटला.

“ठीक?” सर ओरडले.

“वेळ मोजा!” मी म्हणालो.

पहिल्या दोन मिनिटांत त्याने मला चार वेळा टाकलं. पहिल्यांदा सांभाळून. मी त्याला तोंडावर म्हणालो, “हे काय, बाळाला पाळण्यात ठेवतोयस का?” त्यानंतर सांभाळून नाही. पाचव्या पडण्याला माझा श्वास सुटला तो परत यायला वेळ लागला. भिंतीपाशी कोणीतरी म्हणालं, “बस करा ना सर.” सर अर्धे उठले. मी रांगत उठलो आणि पुन्हा त्याची बाही धरली. मला रडू येत होतं, दुखत होतं म्हणून नव्हे, तर हे सगळं आधीच कळायला हवं होतं म्हणून. इतका सोपा मजकूर, आणि मी तीन वर्षं त्यावरून बिनचूक म्हणून पुढे गेलो होतो.

चौथ्या मिनिटाला तो मला ढकलत कोपऱ्याकडे नेत होता. मी मागे मागे जात होतो. मला वाटतं त्याचं पाऊल चटईच्या सांध्यावर जरा अडखळलं. मी काही ठरवलं नव्हतं. माझा पाय गेला, त्याच्या पोटरीवर मागून लागला, आणि मी झाडलं. प्लंबर एका बाजूला कलला, हात पसरले आणि त्याचा एक गुडघा चटईवर टेकला.

“जमलं!” सरांचा हात वर गेला. भिंतीपासून टाळ्या उठल्या. कोणीतरी शिट्टी मारली.

“नाही!”

एवढ्या मोठ्याने मी पूर्वी कधी बोललो असेन तर मला आठवत नाही. टाळ्या थांबल्या.

“गुडघा टेकलाय त्याचा! गुडघा! पाठ कुठे लागली? तुम्हीच शिकवलंत ना, पाठ लागली तर डाव? मग हात कशाला वर करता?”

“काका, अहो, नव्वद किलोचा माणूस तुम्ही गुडघ्यावर आणलात. या वयात...”

“वय काढू नका! पुन्हा तेच करताय तुम्ही, सगळ्यांसमोर! माझ्यासाठी नियम दुसरा का? मी काय मेलोय?”

सरांचा हात तसाच वर होता. सगळे प्लंबरकडे बघत होते, आणि मीही. तो अजून गुडघ्यावर होता, धापा टाकत. मला त्याची भीती वाटली. तो भला माणूस होता. ‘पडलोच होतो, सर,’ एवढं तो म्हणाला असता तर सगळं मिटलं असतं, मला पट्टा मिळाला असता, आणि त्या हॉलमध्ये मला पुन्हा कशावरही विश्वास ठेवता आला नसता.

प्लंबरने जाकिटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि उठला.

“हात खाली घ्या, सर. मी पडलो नाही.” मग त्याने पँट वर करून पोटरी चोळली. “पाय मात्र लागला ह्या वेळी. चांगलाच लागला. सिस्टर, किती राहिलं?”

“पन्नास सेकंद.”

सरांनी हात खाली घेतला. “सुरू,” ते म्हणाले, अगदी हळू.

त्या पन्नास सेकंदांत त्याने मला दोनदा आपटलं. दुसऱ्यांदा इतकं जोरात की खाली तलावावरच्या लोकांनी वर पाहिलं असेल. मी छताकडे बघत पडून राहिलो. सिस्टरने वेळ संपल्याचं सांगितलं. प्लंबर माझ्याशेजारी वाकला.

“लागलं?”

“लागलं.”

“नाही जमलं तुम्हाला, काका.”

“माहीत आहे.”

“तुम्ही पाय टाकायच्या आधी खांदा वळवता. मला लगेच कळतं कुठून येणार ते.”

मी कोपरावर उठून बसलो. “केव्हापासून कळतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“तीन वर्षं? आणि सांगितलं नाहीस? गाढवा!” गाढव हा शब्द मी जिवंत माणसाला उद्देशून पहिल्यांदाच वापरला. “पडायला वेळ होता तुला, आणि सांगायला नव्हता?”

त्याने मान खाली घातली. “मोठ्या माणसाला कसं सांगायचं, काका.”

“तोंडाने! चल, उठव मला. खांद्याचं काय ते दाखव.”

“काका, वेळ संपली,” सिस्टर म्हणाली.

“संपू दे,” मी म्हणालो, आणि त्याची कॉलर धरली.